चोविसाच्या तीन थप्प्या

१

शनिवारी दुपारी सव्वादोनला धुळ्याबाहेरच्या डेपोत जळगावची गाडी लागली आणि हमालांनी रिकामे क्रेट उतरवायला घेतले. केळीचे निळे प्लास्टिकचे क्रेट, एकात एक बसवून चोवीस-चोवीसच्या थप्प्या केलेल्या. पहिली रांग निघाली, दुसरी निघाली. तिसऱ्या रांगेतली थप्पी ओढली तसा आतून एक माणूस त्यांच्या पायांवर कलंडला. गुडघे पोटाशी मुडपलेले, डोक्याला गोणपाट गुंडाळलेलं, आणि गोणपाट सोडलं तर खाली डोकं म्हणावं असं फारसं शिल्लक नव्हतं. एकजण तिथेच ओकला. दुसऱ्याने पायातल्या पांढऱ्या बुटांवरून ओळखलं, हा तर जळगाव ऑफिसचा भूपेंद्र.

भूपेंद्र म्हणजे तापीकाठ क्रेट सर्व्हिसचा डोळा. या कंपनीचे सव्वा लाख क्रेट खानदेशात अखंड फिरत असतात. जळगावच्या केंद्रात धुवायचे, धुळ्याला पाठवायचे, तिथून शिरपूरकडच्या केळीबागांत, बागेतून भरून बाजारात, आणि रिकामे झाले की परत जळगावला धुवायला. प्रत्येक क्रेटच्या बुडाशी चिप असते, चिपला नंबर असतो. क्रेट यंत्रासमोरून गेला की त्याची नोंद क्लाउडवर चढते, म्हणजे कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या संगणकांवर. मग भूपेंद्र जळगावात खुर्चीवर बसून सांगायचा की अमुक नंबरचा क्रेट बोदवडच्या अमक्याच्या गोठ्यात कडबा भरून ठेवलाय, तेवढा परत करायला सांगा. लोक त्याला हसायचे आणि मनातून टरकायचे.

गाडी रमजानची. बावीस वर्षं स्टेअरिंगवर गेलेला, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा गडी. डेपोचा प्रमुख सुकदेव याने हातातलं यंत्र फिरवून मोजलं, तर जळगावहून चारशे ऐंशी निघालेले क्रेट चारशे आठच होते. बहात्तर गायब. मग काय विचारता, दहा मिनिटांत सगळ्यांचा हिशोब जुळला. रमजानने वाटेत क्रेट विकले, भूपेंद्रने पकडलं, रमजानने त्याचा निकाल लावला. रमजान गाडीतून उतरून हात जोडत होता, तेवढ्यात पहिला पाइप त्याच्या पाठीत बसला. पुढचे कुणी मोजले नाहीत.

सहायक पोलीस निरीक्षक दिपमाला बोरसे पोचली तेव्हा वीस-पंचवीस माणसं त्याला तुडवत होती. तिने दोघांचे दात हलवले, रमजानला कॉलरला धरून बाहेर ओढला आणि जीपमध्ये घातला. त्या दिवसात तिने त्याच्यावर केलेला हा शेवटचा उपकार.

२

गाडी कुठे कुठे थांबली तेही क्लाउडवर असतंच. पारोळ्याजवळ पंचेचाळीस मिनिटं. रमजान म्हणाला, जेवलो आणि झाडाखाली पडलो. दिपमालाने विचारलं, बहात्तर क्रेट कुठे? तो म्हणाला, मला माहीत नाही. भूपेंद्र गाडीत कसा आला? माहीत नाही.

दिपमालाला 'माहीत नाही' या शब्दांचा राग होता. ती मुळात दुष्ट बाई नव्हती, पण तिला घाई होती आणि तिला स्वतःची खात्री होती. या दोन गोष्टी एका माणसाच्या हाती काठी असताना एकत्र येऊ नयेत. तिने रमजानचा उजवा हात टेबलावर ठेवायला लावला. चौथ्या फटक्याला मनगटातून आवाज आला. सहाव्याला तो म्हणाला, हो, मीच मारलं. क्रेट पारोळ्याला कांदेवाल्यांना विकले. जे विचारलं त्या सगळ्याला तो हो म्हणाला. मग त्याची शुद्ध हरपली आणि त्याला सिव्हिलमध्ये हलवावं लागलं.

रविवारी सकाळी ती जप्तीसाठी पारोळ्याला गेली. बाजार पालथा घातला. कांद्याचे ढीग होते, गोण्या होत्या, लाकडी खोकी होती, निळा क्रेट औषधालाही नव्हता. चिपवाला क्रेट कोण ठेवतो बाई, तिसऱ्या दिवशी दारात माणूस येतो, असं एक व्यापारी म्हणाला. हायवेवरच्या ढाब्याच्या मालकाने रमजानची खाट दाखवली. गाडी त्याच्या गल्ल्यासमोर उभी होती आणि तिचं मागचं दार कुणी उघडलेलं त्याने पाहिलं नव्हतं. रमजान घोरत होता, तेवढं मात्र त्याने शपथेवर सांगितलं.

संध्याकाळी ठाण्यात परतली तर पायरीवर रमजानची बायको हसीनाबी बसलेली. रडून झालेलं होतं. ती उठली नाही.

"मॅडम, कोर्टात तुम्ही त्याचा कबुलीजबाब सांगाल," ती म्हणाली. "त्याला फाशी झाली तरी मी जगेन. पण एक सांगा. त्याने विकलेले क्रेट तुम्हाला मिळाले का?"

दिपमाला तिला ओलांडून आत गेली. कबुलीतली एक गोष्ट खोटी निघाली होती, तर बाकीच्या गोष्टी कशाच्या जोरावर खऱ्या धरायच्या? आपण त्या माणसाकडून खरं काढलं, की आपल्याला हवं होतं ते त्याच्या तोंडून वदवलं? रात्रभर ती जागी होती, आणि सोमवारी उजाडताच तिने पहिलं काम केलं ते डेपोत जाऊन सुकदेवला झोपेतून उठवण्याचं.

३

सुकदेव घाबरट माणूस. भूपेंद्रशी त्याचं गेल्या महिन्यात भांडण झालं होतं, शिवीगाळ झाली होती, हे हमालांनी आधीच सांगून ठेवलेलं. त्याने ते नाकारलं नाही. क्रेट उन्हात पडून राहतात म्हणून भूपेंद्रने त्याची तक्रार मालकाकडे केली होती. पण शनिवारी सकाळपासून तो डेपोत होता, हे तीस माणसं सांगत होती. दिपमालाने ते सोडलं आणि भलतंच विचारलं. जळगावहून निघताना गाडीच्या दाराला काही कुलूप वगैरे असतं का?

सील असतं, सुकदेव म्हणाला. पिवळं, प्लास्टिकचं, नंबर छापलेलं. जळगावात माल भरला की लावतात, त्याचा फोटो क्लाउडवर चढतो. इथे कापतात.

"म्हणजे रमजानने दार उघडलं असतं तर सील तुटलं असतं. शनिवारी सील कसं होतं?"

"होतं. मीच कापलं."

"नंबर जुळला?"

सुकदेवने खाली पाहिलं. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून दिपमालाला त्याचा गळा धरावासा वाटला. इथली पद्धत अशी की सील कापायचं आणि दारामागच्या बादलीत टाकायचं. आलेल्या सीलचा नंबर फोनमध्ये भरावा लागतो, पण जळगावच्या फोटोत नंबर आयता दिसत असतो. मग उन्हात वाकून बारीक आकडे कोण वाचणार? फोटोवरूनच उतरवायचा. तीन वर्षं नंबर बरोबर जुळतोय, आणि तीन वर्षं कुणी बघितलेला नाही.

"आणि हे तू शनिवारी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं माझी नोकरी जाईल, मॅडम."

तिकडे एका माणसाचं मनगट गेलं होतं. सील जागेवर होतं आणि दुसरं सील ड्रायव्हरकडे नसतं, म्हणजे रमजानने दार उघडलेलं नव्हतं. मग प्रेत गाडीत आलं कसं? एकच वाट उरत होती. दिपमालाने बादली उचलली, जशीच्या तशी जीपमध्ये ठेवली आणि ड्रायव्हरला जळगावला घ्यायला सांगितलं.

४

तापीकाठचं केंद्र जळगावच्या औद्योगिक वसाहतीत. शेडमध्ये शिरलं की एका बाजूला मळक्या क्रेटचे डोंगर, मध्ये गरम पाण्यातून जाणारा लांबलचक पट्टा, पलीकडे धुतलेले क्रेट चोविसाच्या थप्प्यांत. काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरचे कपडे केळीच्या चिकाने डागाळलेले. हा चीक वाळला की काळपट तपकिरी होतो आणि जन्मात निघत नाही.

मालक रतिलालशेठ साठीचे, भाविक. भूपेंद्रचं नाव काढताच त्यांचे डोळे भरून आले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. शनिवारची हकीकत त्यांनी सांगितली. दर शनिवारी साडेदहाला केंद्रातल्या मारुतीची आरती असते. पट्टा बंद करतात, बाया, हमाल, ऑफिसचे लोक, सगळे देवळापाशी. ताट शेठच्या हाती असतं. अकराला प्रसाद वाटला की काम सुरू. रमजान त्या वेळी बाहेरच्या टपरीवर चहाला गेला होता, गाडी भरून सील होऊन उभी होती. भूपेंद्र आरतीला दिसला नाही, पण त्याला देवाधर्माचं वावडं, म्हणून कुणी शोधलं नाही.

केंद्राचा कारभार बघायचा तो शेठचा जावई हितेंद्र. चाळिशीचा, गोड बोलणारा. अख्ख्या केंद्रात पांढराशुभ्र शर्ट दिसला तो याचाच. सीलं याच्याच टेबलाच्या खणात असतात आणि हाच लावतो. शनिवारी दहा पंचविसाला लावलं, फोटो काढला, बघा, असं म्हणत त्याने मोबाइल पुढे केला. सील नंबर ४४१८. मग तो आरतीला गेला. जरा उशीर झाला, प्रसादाला पोचला. बहात्तर क्रेट कुठे गेले असतील असं विचारल्यावर त्याने खांदे उडवले.

"मी क्रेटला हात लावत नाही मॅडम. माझं काम तासाला नऊशे धुऊन निघाले पाहिजेत, एवढं बघणं. गेल्या वर्षी आठशे होते." बोलताना त्याला अभिमान लपवता आला नाही.

भूपेंद्रच्या हाताखाली काम करणारा अतिक ऑफिसात एकटाच होता. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहणं टाळत होता. त्याने पडद्यावर बहात्तर नंबर लाल रंगात दाखवले. जळगावहून निघाले, धुळ्याला पोचले नाहीत.

"त्यानंतर यांतला एकही क्रेट कुठल्या यंत्रासमोरून गेला नाही?"

अतिक नाही म्हणाला आणि अडखळला. पडद्यावर तरी नाही, म्हणाला. होतं काय, की यंत्रं कधीकधी चुकीचं वाचतात. जो क्रेट वाटेत आहे तो त्याच वेळी दुसरीकडे असू शकत नाही. अशी अशक्य नोंद आली, किंवा एकाच क्रेटची नोंद पुन्हा पुन्हा आली, की ती पडद्यावर येतच नाही, बाजूच्या कचऱ्यात जाते. तसा नियम भूपेंद्रभाऊंनीच घातला होता. गेल्या आठवड्यात ते तो कचरा चाळत बसले होते, का ते माहीत नाही.

"मलाही तोच बघायचाय," दिपमाला म्हणाली.

अतिकने दोन-चार बटणं दाबली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी अकरा चौतीस ते अकरा एक्केचाळीस, सात मिनिटांत बहात्तर नोंदी. एकामागे एक, तेच बहात्तर नंबर. रमजानची गाडी एरंडोलच्या रस्त्याला लागली होती तेव्हा तिच्यातले क्रेट इथे, या शेडमध्ये, धुण्याच्या पट्ट्यावरून जात होते.

५

त्या वेळी पट्ट्यावर क्रेट टाकायला कोकिळा होती. पारोळ्याकडची, तिशीतली, कपाळ मोकळं. तिचा नवरा नवल याच पट्ट्यावर होता. फेब्रुवारीत पाळधीजवळ मोटारसायकलवरून पडून गेला. त्या दिवशी तो दुपारीच कामावरून गेला होता, असं हितेंद्रसाहेबांनी तिला सांगितलं होतं. साहेबांनीच दहावं-तेरावं केलं आणि तिला त्याच्या जागी लावून घेतलं. ती साहेबांचं नाव आदराने घेत होती.

दिपमाला तिच्याशी घरच्या अहिराणीत बोलली. त्या दिवशी मळक्या ढिगात काही वेगळं दिसलं का?

कोकिळाला आठवायला वेळ लागला नाही. आरती झाल्यावर ढिगाच्या मागच्या अंगाला चोविसाच्या तीन सरळ थप्प्या उभ्या होत्या.

"चोवीसनी सरळ थप्पी उचलाले सोपी पडस, बाई," ती म्हणाली. "बाकीना क्रेट वाकडातिकडा राहतस, कंबर धरस. बठ्ठ्या बाया सरळ थप्पी दिसनी का पहिले तीच लेतस. मी लिनी."

"कोनी सांगं व्हतं तुले?"

"कोनी नही. चिकट लागनात. काया डाग व्हतात, माले वाटनं चीक शे. मळका क्रेट तसाच ठेवाना नही, हाई आमनी रीत शे."

तो चीक नव्हता हे दिपमालाने तिला सांगितलं नाही. वाळलेलं रक्त आणि वाळलेला चीक यांत फरक करायला फार जवळून बघावं लागतं, आणि तासाला नऊशे क्रेटच्या घाईत तेवढी सवड कुणाला?

आता सगळं सरळ होतं. भरलेल्या गाडीच्या मधल्या रांगेतून कुणीतरी रक्ताळल्या हातांनी तीन थप्प्या काढल्या होत्या. कशाला, तर एक घडी घातलेला माणूस बसेल एवढी पोकळी हवी होती. काढलेल्या थप्प्या मळक्या ढिगामागे ठेवल्या. ढीग चार-चार दिवस पट्ट्यावर येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन त्या निवांत हलवता आल्या असत्या. पण बाया सरळ थप्पी आधी उचलतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. केंद्रात वर्षानुवर्षं वावरूनही ज्याने कधी एक क्रेट स्वतः पट्ट्यावर टाकला नाही, असा माणूस.

दिपमालाने जीपमधली बादली मागवली आणि जमिनीवर ओतली. पिवळी सीलं पसरली. शुक्रवारचं ४४१७ सापडलं. ४४१८ नव्हतंच. शनिवारच्या गाडीचं, सुकदेवने आपल्या हाताने कापलेलं, सगळ्यांत वर असलेलं सील होतं ४४१९.

तेवढ्यात अतिक धावत आला. भूपेंद्रभाऊ कचऱ्यात काय शोधत होते ते त्याला सापडलं होतं. त्याने कोकिळाकडे पाहिलं आणि दिपमालाच्या कानाशी वाकून सांगितलं. फेब्रुवारीच्या अकरा तारखेला दुपारी पट्ट्याच्या तोंडाशी तेच सहा क्रेट पुन्हा पुन्हा वाचले गेले होते, सलग सत्तेचाळीस मिनिटं. पट्टा अडकून उभा होता. नवल वारला तो दिवस अकरा फेब्रुवारी.

६

हितेंद्र आपल्या खोलीत चहा पीत होता. ही खोली गाडीत माल भरायच्या धक्क्याला लागूनच. दिपमालाने हवालदाराला दाराबाहेर उभं केलं आणि खणातली सीलं बघायला मागितली. त्याने गठ्ठा काढून दिला. वरचं सील ४४२० होतं.

"४४१८ गाडीला लावलंत. मग ४४१९ कुठे?"

लावताना तुटलं, फेकलं, असं तो म्हणाला. दिपमालाने खिशातून कापलेलं ४४१९ काढून टेबलावर ठेवलं.

"हे धुळ्यात रमजानच्या गाडीच्या दारावर होतं. तुम्ही सील लावलेली गाडी कुणीतरी आरतीच्या वेळी उघडली आणि तुमच्या खणातल्या पुढच्या सीलने परत बंद केली. धुळ्याला नंबर बघत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं. शेठच्या हातात ताट होतं, रमजान टपरीवर होता, सुकदेव धुळ्यात. उशिरा प्रसादाला आलेले तुम्ही एकटे. भूपेंद्रने तुम्हाला सत्तेचाळीस मिनिटं दाखवली, हो ना?"

हितेंद्रने चहाचा कप खाली ठेवला. तो काही बोलणार असं वाटलं आणि त्याचा हात दाराआड गेला. चाकं खोलायची लोखंडी टॉमी तिथे उभी होती. पहिला घाव दिपमालाच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं तिला कळलं. दुसऱ्याने हवालदाराचा जबडा फोडला. हितेंद्र त्याच्या अंगावरून उडी मारून शेडमध्ये पळाला. धक्क्यावर दिपमालाची जीप आडवी होती, म्हणून तो पट्ट्याच्या बाजूने वळला. जमीन कायम ओली. चकाचक बुटांचा पाय घसरला, तोल सावरायला त्याने हात टाकला तो सरळ पट्ट्याच्या रुळांत. तिथे लोखंडी जाळी असायला हवी. तासाला आठशेचे नऊशे करायला ती वर्षापूर्वी त्यानेच काढायला लावली होती.

त्याची किंकाळी ऐकून सगळ्या बाया जागच्या जागी थिजल्या. हात कोपरापर्यंत आत ओढला जात होता. पट्टा बंद करायचं लाल बटण कोकिळाच्या हाताशी होतं. अतिक कानात काय बोलला ते तिच्यापर्यंत पोचलेलंच होतं. कुजबूज लपत नाही तिथे.

"दाब," दिपमाला ओरडली. "कोकिळा, बटण दाब."

कोकिळाचा पंजा बटणावर होता. ती दाबत नव्हती.

"मना नवरा आठेच मरना का?" तिने विचारलं.

"हो," हितेंद्र किंचाळला. "हो, इथेच. बंद कर."

"जित्ता व्हता का?"

रुळांतून तांबडं पाणी यायला लागलं. हितेंद्रच्या तोंडातून शब्द एकदम फुटले. जिवंत होता. अर्धा तास जिवंत होता, पाणी मागत होता. पट्टा तोडून काढावा लागला असता. दवाखान्यात नेलं असतं तर केंद्राला टाळं लागलं असतं, म्हणून जेवायला गेलेल्या बायांना परस्पर सुट्टी देऊन वाट बघितली. मग गाडीतून पाळधीला नेऊन टाकला.

कोकिळाने बटण दाबलं. पट्टा थांबला. ती मागे सरली, भिंतीला टेकली आणि पदर तोंडात कोंबून बसली.

हवालदार रक्त थुंकत उठला आणि अडकलेल्या हितेंद्रच्या बरगडीत त्याने बूट घातला, दुसऱ्यांदा पाय उचलला. दिपमालाने चांगल्या हाताने त्याला मागे खेचलं. नको, म्हणाली. आपल्याला त्याच्या तोंडाची गरजच नाही. बहात्तर क्रेट आहेत, एक सील आहे. हवालदार तिच्याकडे बघतच राहिला, कारण शनिवारी याच बाईने त्याला काठी आणायला सांगितलं होतं.

७

संध्याकाळी खांदा बांधून दिपमाला धुळ्याला सिव्हिलमध्ये गेली. रमजानचा डावा हात बेडीने खाटेला अडकवलेला, उजवा प्लास्टरमध्ये. बोटं परत मिटतील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मिटली नाहीत तर बावीस वर्षांचं स्टेअरिंग संपलं. उशाशी हसीनाबी बसली होती.

दिपमालाने स्वतः बेडी काढली. असं काही सांगायचं असतं तेव्हा सुरुवात कशी करतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"रमजानभाई, तुम्ही सुटलात. मारणारा सापडला. तुम्ही काही केलेलं नाही."

रमजानने डोळे उघडले. तिचा चेहरा नाही, तिचा हात बघितला. प्लास्टरमधला हात हळूहळू ओढून त्याने चादरीखाली लपवला.

"हो मॅडम," तो म्हणाला. "मीच मारलं."

तिने परत सांगितलं. हळू, एकेक शब्द सुटा करून. हितेंद्रचं नाव सांगितलं, क्रेट जळगावातच सापडल्याचं सांगितलं. तो मान हलवत होता.

"हो मॅडम. पारोळ्याला विकले. कुठे म्हणाल तिथे सही करतो."

दिपमाला खाटेशेजारी जमिनीवर बसली आणि रडली. हसीनाबी तिच्याकडे बराच वेळ बघत होती. त्या बघण्यात दया नव्हती, आणि ती असावी अशी दिपमालाची अपेक्षाही नव्हती.

"दोन दिवस मी त्याला हेच सांगतेय," हसीनाबी म्हणाली. "तू नाही मारलंस, तू नाही मारलंस. माझं त्याला खरं वाटत नाही. तुम्ही शनिवारी जे सांगितलंत ते खरं वाटतं."

दिपमालाने डोळे पुसले आणि दारातल्या शिपायाला कागद घेऊन आत बोलावलं. यांची तक्रार लिहून घे, म्हणाली. कुणाविरुद्ध, त्याने विचारलं. तिने आपलं नाव सांगितलं. शिपायाचं पेन थबकलं, तेव्हा तिने हुद्दाही सांगितला. हसीनाबी शनिवारी खोलीत नव्हती, तिला बाहेर बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते दिपमालाच सांगत गेली. किती वाजता. खोली कुठली. काठी कुणी आणली. हात टेबलावर कुणी ठेवायला लावला. फटके सहा, मनगट चौथ्याला मोडलं.

शिपाई लिहीत होता. रमजान डोळे मिटून ऐकत होता आणि तिच्या प्रत्येक वाक्याला 'हो मॅडम' म्हणत होता.